गोळी चालू आहे, आणि सोबत काय चालू आहे?

कोलेस्टेरॉल वाढलं तर काहीच दुखत नाही. ताप येत नाही, खोकला येत नाही, रात्रीची झोप मोडत नाही. कागदावर एक आकडा येतो, तो बघून डॉक्टर एक गोळी लिहून देतात आणि ती बहुधा कायमची घ्यावी लागेल असं सांगतात. ज्याला आपल्याला काही झालंय असं वाटतच नाही, त्याला जन्मभराची गोळी स्वीकारणं जड जातं. मग घरातलं कुणीतरी सांगतं, ओळखीतलं कुणीतरी सांगतं, फोनवर संदेश येतो: रोज लसणाच्या दोन पाकळ्या चावून खा, दालचिनीचं पाणी घ्या, अमुक अर्काच्या कॅप्सूल घ्या, रक्तवाहिन्या साफ होतील. गोळी बंद करायची भीती वाटते आणि उपाय करून बघायचा मोह सुटत नाही, म्हणून दोन्ही सुरू होतं. दुसऱ्याचा डॉक्टरांना पत्ताच नसतो.

घरच्या उपायांना माझा विरोध नाही. माझा आक्षेप ते न सांगता घेण्याला आहे, आणि काहीही न विचारता गोळी लिहून देण्याला तेवढाच आहे. जो उपाय खरोखर कोलेस्टेरॉल उतरवतो तो शरीराच्या दृष्टीने औषधच असतो, आणि दोन औषधं एकत्र घेताना जी काळजी घ्यायची ती त्यालाही लागू होते. जो उपाय काहीच करत नाही त्याचाही धोका असतो, कारण तो बघता बघता गोळीची जागा घेतो. दोन्ही उपाय डॉक्टरांच्या कागदावर गोळीच्या शेजारी लिहिलेले असायला हवेत. ते लिहिले जावेत याची पहिली जबाबदारी रुग्णावर ढकलू नये. ती गोळी लिहून देणाऱ्याची, गोळी देणाऱ्या फार्मासिस्टची आणि उपाय बाटलीत भरून विकणाऱ्याची आहे.

नैसर्गिक ते सौम्य आणि कारखान्यातलं ते जहाल, हा समज स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉलसाठी नेहमी लिहून दिल्या जाणाऱ्या या गोळ्यांच्या बाबतीत तर पहिल्याच पायरीवर कोसळतो. स्टॅटिन आलं तेच मुळी बुरशीतून. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीचे हजारो नमुने तपासले आणि पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारं पहिलं द्रव्य शोधून काढलं. पुढे १९७९ मध्ये त्यांनी मोनास्कस या बुरशीतून मोनॅकोलिन के नावाचा रेणू वेगळा केला. अमेरिकेत मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याच सुमारास ॲस्परजिलस टेरियस या वेगळ्याच बुरशीतून एक रेणू मिळवला होता, त्याचं नाव लोव्हास्टॅटिन. ताडून पाहिलं तेव्हा दोन्ही रेणू एकच निघाले. १९८७ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने लोव्हास्टॅटिनला मान्यता दिली आणि स्टॅटिन वर्गातलं पहिलं औषध रुग्णांच्या हाती आलं.

ही मोनास्कस बुरशी तांदळावर वाढवली की तांदूळ लालभडक होतो. त्यालाच रेड यीस्ट राइस म्हणतात. चीनमध्ये त्याचा वापर शेकडो वर्षांचा आहे, आणि आज त्याच्या कॅप्सूल ‘कोलेस्टेरॉलवरचा नैसर्गिक उपाय’ म्हणून जगभर विकल्या जातात. या कॅप्सूलनी कोलेस्टेरॉल उतरू शकतं हे खरं आहे. पुरेसं मोनॅकोलिन के असेल तर उतरणारच, कारण ते म्हणजेच लोव्हास्टॅटिन. स्टॅटिन नको म्हणून जो माणूस ती कॅप्सूल घेतो तो स्टॅटिनच घेत असतो. आणि जो डॉक्टरांनी दिलेल्या ॲटोरव्हास्टॅटिनच्या जोडीला ती घेतो, त्याच्या पोटात एकाच वर्गातली दोन औषधं जातात. त्यांतल्या एकाची मात्रा डॉक्टरांनी ठरवलेली असते, दुसऱ्याची कुणीच ठरवलेली नसते.

ती मात्रा किती, हेही सांगता येत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अमेरिकेतल्या दुकानांतून रेड यीस्ट राइसचे २८ ब्रँड घेऊन मोनॅकोलिन के मोजलं गेलं. दोन ब्रँडमध्ये ते सापडलंच नाही. उरलेल्यांत सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांच्यात साठ पटींहून अधिक तफावत होती. म्हणजे या महिन्यात एका ब्रँडची बाटली आणली आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याची, तर माणूस ‘तीच’ कॅप्सूल घेत असताना औषधाचा डोस साठ पटींपर्यंत बदलू शकतो. गोळीच्या बाबतीत असं घडलं असतं तर केवढा गहजब झाला असता. २०१० मधल्या आणखी एका तपासणीत १२ उत्पादनांपैकी चारांत सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक असलेलं बुरशीजन्य विष आढळलं होतं. २०२४ मध्ये तर जपानमध्येच रेड यीस्ट राइसच्या पूरक गोळ्या घेणाऱ्या अनेकांना मूत्रपिंडाच्या आजाराने रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि उत्पादनं बाजारातून परत मागवावी लागली. संशयाची सुई प्युबेरुलिक ॲसिड या पदार्थाकडे गेली, जो उत्पादनात भलत्याच बुरशीमुळे शिरला होता.

डोस वाढला तर बिघडतं काय? स्टॅटिनचा जो दुष्परिणाम सगळ्यात गंभीर मानला जातो तो स्नायूंचा. फार क्वचित स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात, त्यांतलं द्रव्य रक्तात उतरतं, मूत्रपिंडात अडकतं आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. नेहमीच्या मात्रेत हे इतकं दुर्मीळ आहे की त्या भीतीने गोळी नाकारण्यात अर्थ नाही. पण रक्तातली पातळी जसजशी चढते तसतसा हा धोका चढतो, आणि ती पातळी बऱ्याचदा चढते ती सोबत घेतलेल्या दुसऱ्या कशामुळे तरी. सेरिव्हास्टॅटिन हे औषध २००१ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं ते अशाच मृत्यूंमुळे, आणि त्यांतल्या बऱ्याच रुग्णांना जोडीला जेमफायब्रोझिल हे दुसरं कोलेस्टेरॉलचं औषध चालू होतं. ती दोन्ही डॉक्टरांनीच लिहून दिलेली औषधं होती. जिथे प्रत्येक गोळी कागदावर नोंदलेली होती तिथे हे घडलं. ज्याची कुठेच नोंद नाही त्या मिश्रणाचं काय, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

ग्रेपफ्रूटचं प्रकरण तर शास्त्रज्ञांनाही अपघातानेच कळलं. कॅनडातले डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि औषधाची रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेली. दोष दारूचा नव्हता, रसाचा होता. हे १९८९ चं. त्यामागचं कारण पुढे उलगडलं. आपल्या आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम एखाद्या जकात नाक्यासारखं बसलेलं असतं. तोंडावाटे घेतलेल्या बऱ्याच औषधांचा मोठा हिस्सा ते तिथेच कापून घेतं आणि उरलेलं पुढे सोडतं. सिमव्हास्टॅटिनच्या बाबतीत यकृत आणि आतडं मिळून इतकी कापणी करतात की घेतलेल्या मात्रेपैकी पाच टक्क्यांहूनही कमी औषध मूळ रूपात रक्ताभिसरणात पोहोचतं. गोळीचा डोस ही कापणी गृहीत धरूनच ठरवलेला असतो. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकौमारिन ही द्रव्यं आतड्यातलं ते एन्झाइम निकामी करतात आणि शरीराला ते नव्याने तयार करावं लागतं. म्हणून सकाळी रस आणि रात्री गोळी असं अंतर ठेवूनही उपयोग होत नाही. एका प्रयोगात रोज एक ग्लास साधा रस तीन दिवस घेतल्यावर सिमव्हास्टॅटिनचं रक्तातलं एकूण प्रमाण साडेतीन पटींहून अधिक झालं. दाट रस दिवसातून तीनदा दिला तेव्हा ते सोळा पटींवर गेलं.

इथे एक तपशील मुद्दाम सांगतो, कारण सरसकट घाबरवणारे संदेश तो गाळतात. सगळी स्टॅटिन सारखी नसतात. सिमव्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन यांना ग्रेपफ्रूटचा सगळ्यात जास्त फटका बसतो, ॲटोरव्हास्टॅटिनला त्याहून कमी, तर रोसुव्हास्टॅटिन आणि प्रॅव्हास्टॅटिन त्या एन्झाइमवर अवलंबूनच नसल्यामुळे त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. पपनससुद्धा याच कुळातलं आणि तीच द्रव्यं बाळगणारं फळ आहे. तेव्हा ‘मी हे खाऊ का’ या प्रश्नाचं उत्तर ‘तुमची गोळी कोणती’ हे विचारल्याशिवाय देताच येत नाही, आणि संदेश पुढे पाठवणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

उलट दिशेनेही घडतं. मन उदास असलं की घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीच्या गोळ्या तेच एन्झाइम वाढवतात, औषध आधीच कापलं जातं आणि सिमव्हास्टॅटिन किंवा ॲटोरव्हास्टॅटिनचा असर घटतो. डॉक्टरांना दिसतं एवढंच की एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, उतरत नाही. ते गोळीचा डोस वाढवतात. पुढे कधीतरी रुग्ण ती वनस्पती आपल्या मनाने सोडतो, आणि वाढवलेला डोस पूर्ण ताकदीने अंगावर येतो. ना सुरू करताना कुणाला सांगितलेलं, ना सोडताना.

आता दवाखान्यात हे कसं घडतं ते जवळून बघा. सत्तरीच्या एक बाई, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत गोळ्यांच्या स्ट्रिप रबरबँड लावून ठेवलेल्या. डॉक्टर रिपोर्ट चाळतात. यकृताचे आकडे वाढलेत.

“आजी, गोळ्या वेळेवर घेता ना?”

“घेते की. एक दिवस चुकवत नाही.”

“आणखी काही औषध चालू आहे?”

“नाही हो डॉक्टर, दुसरं काहीच नाही.”

सोबत आलेली सून हळूच म्हणते, “आई, त्या हळदीच्या कॅप्सूल?”

“अगं, ते काय औषध आहे का? ते आपलं घरचं.”

डॉक्टर पेन खाली ठेवतात. “कुणी सांगितलं हे घ्यायला? असलं काही घ्यायचं नाही म्हणून मागेच बजावलं होतं.” आजी मान डोलावतात, पिशवीची दोरी ओढतात. सूनही गप्प होते.

या दोन मिनिटांत आजींची काहीच चूक झालेली नाही. त्या खोटं बोलल्या नाहीत. त्यांना जे विचारलं त्याचं त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं. चूक प्रश्नात होती. ‘औषध चालू आहे का’ असं विचारलं की माणूस डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्याच आठवतो. ‘सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत गोळी, चूर्ण, काढा, कॅप्सूल, पावडर, रस असं काय काय पोटात जातं, ते सगळं सांगा’ असं विचारलं असतं तर हळद पहिल्याच भेटीत बाहेर आली असती. आणि दुसरी, जास्त मोठी चूक रागवण्यात होती. रागावून कॅप्सूल बंद होत नाहीत, फक्त त्यांच्याबद्दल बोलणं बंद होतं. पुढच्या भेटीत आजी कॅप्सूल घेत असतील आणि सूनसुद्धा सांगणार नाही. डॉक्टरांची गर्दी मला कळते, एका रुग्णाला मिळणारा वेळ किती तोकडा असतो तेही कळतं. पण एक वाक्य बदलायला वेळ लागत नाही, आणि चेहऱ्यावर आठी न आणायला तर मुळीच नाही.

हळदीचं उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. स्वयंपाकात चिमूटभर पडणारी हळद आणि कॅप्सूलमधला हळदीचा अर्क यांत मात्रेचा मोठा फरक असतो. शिवाय तो अर्क रक्तात जास्त शोषला जावा म्हणून त्यात बऱ्याचदा मिऱ्यातलं पायपेरिन घातलेलं असतं. अशा अर्कांमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण गेल्या काही वर्षांत नोंदवले गेले आहेत. ग्रीन टीच्या अर्काबद्दलही तसंच. ‘आमच्या आजीपणजीने जन्मभर खाल्लं’ हा दाखला जेवणातल्या मात्रेपुरता खरा आहे. अर्काला तो लागू पडत नाही, कारण कुणाच्याच पणजीने अर्काच्या कॅप्सूल खाल्ल्या नव्हत्या.

आणि अशा वेळी आळ कुणावर येतो? स्टॅटिनवर. यकृताचे आकडे वाढले की सगळ्यांची नजर आधी त्या गोळीकडे जाते, कारण कागदावर तीच एक दिसते. खरं तर स्टॅटिनमुळे यकृताला गंभीर इजा होणं इतकं विरळा आहे की एफडीएने २०१२ मध्ये ठरावीक अंतराने यकृताची तपासणी करत राहण्याची सूचना लेबलवरून काढून टाकली. तरीही कारण सापडत नाही म्हणून गोळी थांबवली जाते आणि कॅप्सूल घरी चालू राहते. ज्येष्ठमधाचंही असंच होतं. जास्त प्रमाणात, बरेच दिवस घेतलं तर ते रक्तातलं पोटॅशियम उतरवतं आणि रक्तदाब चढवतं. लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या माणसात तर पोटॅशियम आणखीनच उतरतं, स्नायू गळून जातात. पाय ओढल्यासारखे वाटतात, आणि माणूस म्हणतो, ही कोलेस्टेरॉलची गोळी मला सोसत नाही.

विषबाधेपेक्षा मला जास्त चिंता वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तिची बातमी होत नाही. उपाय सुरू होतो, सकाळी काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, गोळी आधी एक दिवसाआड होते, मग आठवड्यातून दोनदा, मग स्ट्रिप संपते ती नवी येतच नाही. त्रास काहीच होत नाही, कारण आधीही काही होत नव्हतं. गोळी सोडल्याचा परिणाम महिन्यात दिसत नाही, वर्षांनी दिसतो, आणि तेव्हा तो छातीतल्या कळेच्या किंवा लुळ्या पडलेल्या हाताच्या रूपात येतो.

उपाय गोळीइतकाच काम करत असता तर या बदलाला माझी हरकत नसती. लसणाचंच घेऊ. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण, लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या किंवा नुसत्याच दिखाऊ, म्हणजे औषध नसलेल्या गोळ्या दिल्या गेल्या. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कुठल्याच गटाच्या एलडीएलमध्ये सांगण्यासारखा फरक नव्हता. लसणाच्या बाजूने बोलणारे छोटे प्रयोगही आहेत, पण त्यांतला फरकही थोडकाच. २०२२ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या प्रयोगात रोसुव्हास्टॅटिनची पाच मि.ग्रॅ.ची, म्हणजे अगदी कमी मात्रेची गोळी एका बाजूला आणि माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिजन्य स्टेरॉल, रेड यीस्ट राइस हे सहा उपाय दुसऱ्या बाजूला ठेवले. २८ दिवसांत गोळीने एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरवलं. सहापैकी एकही उपाय दिखाऊ गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. या प्रयोगाला पैसा रोसुव्हास्टॅटिन बाजारात आणणाऱ्या कंपनीचा होता आणि मुदत लहान होती, हे वाचकाला ठाऊक असायला हवं. मात्र ३८ टक्के आणि जवळजवळ शून्य यांतली दरी त्याने भरून निघत नाही. गुग्गुळाच्या अर्काचं तर उलटंच झालं. अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे केलेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अर्क घेणाऱ्यांचं एलडीएल चार-पाच टक्के वाढलं, दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचं पाच टक्के उतरलं, आणि अर्क घेणाऱ्यांपैकी काहींच्या अंगावर पुरळ उठलं.

गोळी सोडल्याने काय हातचं जातं तेही आकड्यातच बघावं. स्कँडिनेव्हियन देशांत अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचा त्रास असलेल्या किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४,४४४ जणांवर सिमव्हास्टॅटिनचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष १९९४ चे आहेत. साधारण साडेपाच वर्षांत दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ जण दगावले, सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२. दोन्ही गट जवळपास सारख्याच संख्येचे. हा चौऱ्याहत्तर माणसांचा फरक आहे. त्यांतल्या कुणालाही गोळी घेताना ‘आज बरं वाटतंय’ असं काही जाणवलं नसणार.

यावर एक रास्त हरकत येते: लोक गोळी हौसेने सोडत नाहीत, अंग दुखतं म्हणून सोडतात. काहींचं अंग गोळीमुळे खरोखरच दुखतं, हे नाकारणारा डॉक्टर रुग्णाचा विश्वास गमावतो. पण या दुखण्याबद्दल एक सुंदर प्रयोग लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने केला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० जण घेतले. प्रत्येकाला वर्षभराच्या बारा बाटल्या दिल्या: चारांत स्टॅटिन, चारांत दिखाऊ गोळ्या आणि चार रिकाम्या. गोळ्यांच्या महिन्यांत आत नेमकं काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रोजच्या त्रासाला त्यांनी फोनवर गुण दिले. २०२० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दिसलं की स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास होता त्याचा नव्वद टक्के भाग दिखाऊ गोळ्यांच्या महिन्यांतही होता. त्रास खोटा नव्हता, तो खरोखर जाणवत होता. पण तो बहुतांशी गोळी घेण्याच्या भीतीतून येत होता. स्वतःचे आकडे बघितल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी पुन्हा स्टॅटिन सुरू केलं. ज्यांना खरंच सोसत नाही त्यांच्यासाठी मात्रा कमी करता येते, दुसरं स्टॅटिन देता येतं, इझेटिमाइबसारखं वेगळ्या पद्धतीचं औषध देता येतं. हे सगळं डॉक्टरांशी बोलल्यावर मिळतं. गुपचूप गोळी थांबवून काढा सुरू केला की या वाटांपर्यंत माणूस पोहोचतच नाही.

घरचा उपाय आणि गोळी यांचं जमू शकतं, आणि त्याचं उत्तम उदाहरण इसबगोल आहे. त्यातल्यासारख्या पाण्यात विरघळणाऱ्या तंतूंनी (फायबरनी) एलडीएल थोडं उतरतं हे नीट सिद्ध झालेलं आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सिमव्हास्टॅटिनच्या दहा मि.ग्रॅ.ला रोज १५ ग्रॅम इसबगोलाची जोड दिली तेव्हा एलडीएल जितकं उतरलं, तितकंच नुसत्या वीस मि.ग्रॅ. सिमव्हास्टॅटिनने उतरलं. गोळीची निम्मी मात्रा वाचली. किती रुग्णांना हे आवडेल! पण हेच तंतू गोळीबरोबर एकाच वेळी पोटात गेले तर औषध अडवूनही ठेवू शकतात. लोव्हास्टॅटिनसोबत पेक्टिन (फळांतला असाच एक तंतू) किंवा ओटचा कोंडा घेणाऱ्या काही रुग्णांचं एलडीएल उतरायच्या ऐवजी वाढलं आणि तंतू बंद केल्यावर पुन्हा खाली आलं, असं १९९१ मध्येच नोंदवलेलं आहे. म्हणजे एकच पदार्थ, वेळ आणि प्रमाण सांभाळलं तर गोळीचा सोबती, नाही तर तिचा अडसर. ते सांभाळायला डॉक्टरांना ठाऊक तर असायला हवं.

विक्रेत्यांकडून काय अपेक्षा ठेवायची याचा नमुना युरोपने घालून दिला आहे. २०२२ मध्ये तिथे नियम झाला की रेड यीस्ट राइसच्या रोजच्या मात्रेत मोनॅकोलिन तीन मि.ग्रॅ.पेक्षा कमी असावं, ते नेमकं किती ते लेबलवर छापावं, आणि कोलेस्टेरॉलचं औषध चालू असेल तर हे घेऊ नका असंही स्पष्ट लिहावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, अठराच्या आतली मुलं आणि सत्तरीपुढचे लोक यांनीही घेऊ नये, असंही त्याच लेबलवर लिहायचं ठरलं. कोलेस्टेरॉल उतरवण्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक अर्काला, प्रत्येक चूर्णाला हाच नियम का लागू नये? एक तर उत्पादन परिणाम करतं, मग त्याची मात्रा आणि इशारा छापा. किंवा ते परिणाम करत नाही, मग दावा मागे घ्या. ‘परिणाम औषधासारखा, पण जबाबदारी खाऊसारखी’ ही सोय कुठल्याही देशाने कुठल्याही विक्रेत्याला देऊ नये. आणि फार्मासिस्टने गोळीची स्ट्रिप देताना एक प्रश्न विचारावा, जोडीला काय घेता. बऱ्याच जणांना डॉक्टरांपेक्षा काउंटरवरच्या माणसाशी बोलणं सोपं जातं.

ज्यांचं आज दोन्ही चालू आहे त्यांनी घाबरून दोन्ही सोडू नये, आणि गोळी तर स्वतःहून मुळीच थांबवू नये. अर्क किंवा कॅप्सूल बाजूला ठेवावी आणि डॉक्टरांना कळवावं. दंड-मांड्या कारण नसताना खूप दुखत असतील, जिना चढताना पायांत जोर राहत नसेल, लघवी चहासारखी गडद होत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवावं. एरवी, एकदा डॉक्टरांना कळवल्यावर, पुढच्या रक्ततपासणीआधीचे काही आठवडे मधेच आपल्या मनाने नवं काही सुरू किंवा बंद करू नये, नाही तर आकडा कशामुळे हलला ते कुणालाच सांगता येणार नाही. आणि डॉक्टरांकडे जाताना उपायाचं नुसतं नाव सांगून भागत नाही, बाटली किंवा पुडी सोबत न्यावी. घटक आणि मात्रा लेबलवर असतात, आणि लेबलच नसेल तर तेही डॉक्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं बरं.